तारखांचा दुभाषी : शंकर बाळकृष्ण दीक्षित

एका सिस्टिममधला डेटा दुसरीत न्यायचा म्हटलं की पहिली ठेच बहुतेक वेळा तारखेच्या रकान्यालाच लागते. याच ठेचेवर शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आयुष्य घालवलं, तेही संगणक नसताना!

दापोलीजवळच्या मुरूडला १८५३ साली त्यांचा जन्म झाला. पेशा शिक्षकाचा. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा बदल्या होत राहिल्या आणि शाळा सांभाळून ज्योतिषगणिताचा अभ्यास चालूच राहिला.

प्रश्न असा, की जुन्या लेखातली मिती इसवी सनात आणायची कशी? शकात ७८ मिळवा, झालं! पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ लागतात. शिवाय लेखातलं वर्ष गत की चालू, हे बरेचदा लिहिलेलंच नसतं. आपली श्रावण वद्य अष्टमी उत्तरेत भाद्रपद कृष्ण अष्टमी होते. दिवस तोच, नोंद वेगळी. त्यात अधिक महिने आणि क्षयतिथी. आपल्या मराठवाड्यातले निजामकालीन महसुली कागद तर फसली सनातले! म्हणजे प्रत्येक कालगणनेचं मॉडेल वेगळं. एकच सूत्र सगळीकडे चालत नाही.

गुप्त संवत कधी सुरू झाला, यावर विद्वानांत शे-दोनशे वर्षांचा फरक होता. फ्लीट या अभ्यासकासाठी दीक्षितांनी गणित केलं. एरणच्या शिलालेखात गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार अशी नोंद आहे. संवताचा आरंभ इ. स. ३१९-२० धरला, तर ती तिथी २१ जून ४८४ ला येते, आणि त्या दिवशी गुरुवारच पडतो! आपण ज्याला चेकसम म्हणतो, ते काम इथे वाराने केलं. अशा गणितांच्या आधारानेच फ्लीटने १८८८ च्या ग्रंथात हा आरंभ मांडला.

पुढे रॉबर्ट स्यूएल यांच्यासोबत त्यांनी ‘द इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ केला. तो १८९६ साली निघाला. हिंदू आणि हिजरी तारखा इसवीत, तशाच इसवीतून परत नेण्याची कोष्टकं त्यात आहेत. त्यामुळे ज्योतिषगणित न शिकलेल्या अभ्यासकालाही तारीख काढता येऊ लागली. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथही त्याच साली छापला गेला. दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये ते गेले. वयाची ४५ वर्षंही पुरी झाली नव्हती.

नुसतं रूपांतर करून ते थांबले नाहीत. आलेलं उत्तर मूळ लेखातल्या दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहिलं. प्रोजेक्टमध्ये डेटा हलवताना आपण एवढं जरी केलं, तरी पुष्कळ झालं!