डॉ. आंबेडकरांची विद्यार्थिदशा

१६ ऑक्टोबर १९५६ रोजीं आमच्या चंद्रपुरांत ज्यांनीं असंख्य लोकांना धम्मदीक्षा दिली, त्या डॉ. भीमराव आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेचें वृत्त आम्ही येथें देत आहों.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची तीन वर्षांची शिष्यवृत्ति मिळवून ते १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें प्रो. सेलिग्मन यांच्या हाताखालीं त्यांनीं अर्थशास्त्राचें अध्ययन केलें. हिंदुस्थान सरकार व प्रांतिक सरकारें यांचे जमाखर्चाचे आंकडे तपासून दोहोंमधील आर्थिक संबंध कसे बदलत गेले, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होय.

पुढें लंडन येथें शिकत असतां शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ सालीं त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावें लागलें. परंतु त्यांनीं धीर सोडला नाहीं. मुंबईस प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा साठविला आणि शाहू महाराजांच्या व एका मित्राच्या साहाय्यानें १९२० सालीं पुन्हा लंडन गांठलें. १९२३ सालीं तेथील डी.एस्‌सी. मिळाली. कोलंबियाचा प्रबंध १९२५ सालीं छापून निघाला व पीएच.डी. १९२७ सालीं हातीं आली; म्हणजे प्रथम प्रस्थानानंतर तब्बल चौदा वर्षांनीं!

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांतील आमच्या विद्यार्थ्यांनीं शिष्यवृत्तीसाठीं अवश्य अर्ज करावा. मात्र तिची मुदत संपली म्हणून हातीं घेतलेला अभ्यास सोडूं नये, एवढाच बोध आम्ही ह्या चरित्रांतून घेतों.