नाताळची रात्र आणि संत जोसेफ वाझ

ख्रिस्तजन्माचा सण जवळ आला की गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील आमच्या धर्मग्रामांत मध्यरात्रीच्या मिस्साची तयारी सुरू होते. एका नाताळला मिस्सासाठी जमणे हाच गुन्हा ठरला होता. त्या रात्रीचे आणि तिच्यातून वाचलेल्या धर्मगुरूचे स्मरण करणे आम्हांला या काळात उचित वाटते.

जोसेफ वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी गोव्यातील बाणावली येथे झाला. 1676 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. कानडा प्रांतात सेवा करीत असता त्यांच्या मनात श्रीलंकेची ओढ होतीच. 1658 साली जाफना डचांच्या हाती गेले होते. तेथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती व श्रद्धावंत मेंढपाळाविना राहिले होते. 1687 साली फादर वाझ भिकाऱ्याच्या वेषात तेथे पोहोचले. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार फिरत. माळ ओळखणारे घर हळूच दार उघडी.

1689 च्या नाताळात डच सैनिकांनी धाड घातली व मिस्सासाठी जमलेल्या श्रद्धावंतांना पकडले. डॉन पेद्रु हे कॅल्विन पंथ सोडून कॅथलिक श्रद्धेत आलेले गृहस्थ फटक्यांच्या माराने मरण पावले. इतर काहींना सक्तमजुरी झाली. फादर वाझ मात्र हाती लागले नाहीत.

येथे आम्हांला थांबावेसे वाटते. गुरू वाचला आणि कळप मार खात राहिला. मग देवाने सोडविले ते कोणाला? फादर वाझ यांनी याचे उत्तर आपल्या आयुष्याने दिले. मिळालेला जीव त्यांनी जपून ठेवला नाही. 1692 साली ते कँडीच्या राज्यात गेले. तेथे पोर्तुगीजांचे हेर म्हणून त्यांना बेड्या पडल्या. तुरुंगातही ते सिंहली भाषा शिकले. पुढे दुष्काळात त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला व राजाची कृपा झाली, असे परंपरा सांगते. 1697 साली देवीची साथ आली. लोक आप्तांना टाकून पळाले, तेव्हा फादर वाझ रोग्यांची शुश्रूषा करीत व मृतांना मूठमाती देत. 16 जानेवारी 1711 रोजी कँडी येथे ते प्रभूच्या घरी गेले. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले.

दादरचे पोर्तुगीज चर्च तारणदायी मातेला वाहिलेले आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले. तेव्हा परळ-लालबागच्या कितीतरी घरांनी देवाकडे सुटका मागितली असेल. गेलेली नोकरी सर्वांनाच परत मिळाली नाही. देवाचे सामर्थ्य आपण मागू त्याच रूपात येते असे नाही. बेथलेहेमच्या गव्हाणीतही ते असहाय बाळाच्या रूपानेच आले, आणि त्या बाळालाही रातोरात इजिप्तला न्यावे लागले. जो वाचला त्याने इतरांसाठी जगावे, हीच तारणाची खूण होय. या नाताळला मिस्साहून परतताना शेजारच्या एखाद्या अंधाऱ्या खोलीचे दार आपण ठोठवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती करा.