सर्पगंधेची परीक्षा घेणारे डॉ. वकील

रक्तदाबाची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेणे ही आज घरोघरी रुळलेली गोष्ट आहे. १९४० च्या दशकात मात्र या विकारावर डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. मीठ बंद करणे, विश्रांती, गुंगीची औषधे आणि गंभीर प्रसंगी नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, एवढेच उपाय होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० पर्यंत चढला होता. ही कोंडी फोडण्यात मोठा वाटा होता तो मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाचा. त्यांचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

डॉ. वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले आणि १९३८ मध्ये ते मायदेशी परतले. परळच्या केईएम रुग्णालयात मानद वैद्य म्हणून काम करताना उच्च रक्तदाबाचे असंख्य रुग्ण त्यांच्या पाहण्यात आले आणि सर्पगंधा या वनस्पतीकडे त्यांचे लक्ष वेधले गेले.

सर्पगंधा भारताला नवी नव्हती. सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवर तिचे मूळ पूर्वापार वापरले जात होते. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये रक्तदाबावरील तिच्या गुणाची नोंद केली होती. त्याच सुमारास सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी तिच्या मुळातील अल्कलॉइड्स वेगळी केली. डॉ. रामनाथ चोप्रा यांनीही तिचा अभ्यास केला. मुळाच्या गोळ्या बाजारात मिळू लागल्या होत्या. तरीही भारताबाहेरील वैद्यकविश्वाने तिची दखल घेतली नव्हती.

डॉ. वकील यांनी औषध शोधले नाही. त्यांनी त्याची परीक्षा घेतली. सर्वसाधारण उपायांनी ज्यांचा रक्तदाब उतरला नव्हता, असे ५० रुग्ण त्यांनी निवडले. त्यांना चार आठवडे सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या आणि प्रत्येकाच्या रक्तदाबाची नोंद ठेवली. ८५ टक्के रुग्णांचा वरचा आणि ८१ टक्क्यांचा खालचा रक्तदाब कमी झाल्याचे आढळले. हे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. आजच्यासारखी दुहेरी-अंध तुलना त्या चाचणीत नव्हती. पण परंपरेने सांगितलेला गुण आकड्यांत मांडल्यामुळे तो जगातल्या कोणत्याही डॉक्टरला पडताळून पाहता येऊ लागला.

तसे झालेही. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध आपल्या रुग्णांवर वापरून पाहिले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचे परिणाम मांडले. १९५७ मध्ये प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत डॉ. वकील आणि डॉ. क्लाइन या दोघांचाही समावेश होता.

कीर्तीबरोबरच औषधाची दुसरी बाजूही उघड झाली. रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली नॉरअ‍ॅड्रेनालिन, सेरोटोनिन आणि डोपामिन ही द्रव्ये रिती करते. रक्तदाब उतरतो तो यामुळेच, पण नाक चोंदणे, सुस्ती येणे, नाडी मंदावणे, जठरातील आम्ल वाढणे हे त्रासही त्यातूनच उद्भवतात. मोठ्या मात्रेत दिलेल्या काही रुग्णांना तीव्र नैराश्याने ग्रासले. त्यामुळे नैराश्याचा इतिहास असलेल्यांना आणि जठरव्रणाच्या रुग्णांना हे औषध वर्ज्य ठरले. इतरांसाठी मात्रा घटवण्यात आली.

कमी मात्रेतील रेसर्पिनने पुढे मोठे काम केले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तीव्र रक्तदाबाच्या १४३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. रेसर्पिनसह तीन औषधे एकत्र घेणाऱ्या गटात गंभीर गुंतागुंत दोघांना झाली, तर नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्या गटात २७ जणांना. रक्तदाब उतरवल्याने प्राण वाचतात, हे यातून सिद्ध झाले. रेसर्पिनच्याच प्रयोगांतून स्वीडनचे आर्विड कार्लसन यांना मेंदूतील डोपामिनचे महत्त्व उमगले. त्या संशोधनासाठी त्यांना २००० मध्ये नोबेल मिळाले.

डॉ. वकील यांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९६५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. भारतीय डॉक्टरांच्या पिढ्यांनी अभ्यासलेल्या ‘एपीआय’च्या वैद्यक पाठ्यपुस्तकाचे ते पहिले संपादक होते. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी रेसर्पिनमुळे स्तनांचा कर्करोग होत असावा, अशी शंका ‘लॅन्सेट’मधील अहवालांनी उपस्थित केली. नंतरच्या अभ्यासांत तिला भक्कम आधार मिळाला नाही. पण अधिक सुसह्य औषधे आली आणि रेसर्पिन मागे पडले. आज ते क्वचितच लिहून दिले जाते.

सर्पगंधेच्या गोळ्या मात्र अजूनही मिळतात आणि वनस्पतीचे औषध म्हणजे निर्धोक, हा समजही टिकून आहे. ज्या मुळाने रक्तदाबाच्या रुग्णांना आधार दिला, त्याच मुळातील द्रव्याने काहींच्या मनाचा तोल ढळवला. औषध कोणाला द्यावे, किती द्यावे आणि कोणाला देऊ नये, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज त्याची ओळख पुरी होत नाही. सर्पगंधेच्या बाबतीत ती उत्तरे मिळू लागली, ती परळच्या रुग्णालयातील त्या ५० नोंदींनंतर.