चार्ल्स केटरिंग

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग (२९ ऑगस्ट, १८७६ – २५ नोव्हेंबर, १९५८) हे अमेरिकन अभियंता, संशोधक व उद्योजक होते. मोटारगाडीचे इंजिन सुरू करणारा विजेवरचा स्टार्टर हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध संशोधन होय. १९२० ते १९४७ या काळात ते जनरल मोटर्स कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या नावावर १८६ पेटंटे आहेत. शिसेयुक्त पेट्रोलाच्या प्रसारातील सहभागामुळे त्यांच्या कार्याचे मूल्यमापन मात्र वादग्रस्त ठरले आहे.

प्रारंभिक जीवन

केटरिंग यांचा जन्म अमेरिकेतील ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. काही काळ शाळेत शिकवल्यानंतर त्यांनी ओहायो राज्य विद्यापीठात प्रवेश घेतला. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना शिक्षण मध्येच सोडावे लागले. त्या काळात त्यांनी टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या तुकडीत काम केले. पुढे विद्यापीठात परतून १९०४ मध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली. १९०५ मध्ये त्यांचा ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी विवाह झाला. त्यांचे पुत्र यूजीन हेही अभियंता होते.

पदवीनंतर केटरिंग डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत रुजू झाले. तोवर दुकानातील हिशेबाचे यंत्र हाताने दांडा फिरवून चालवावे लागे; केटरिंग यांनी त्याला छोटी विद्युत मोटर जोडली. ही मोटर सतत चालत नसे. क्षणभर मोठा जोर लावणे एवढेच तिचे काम होते. १९०९ मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली व एडवर्ड डीड्स यांच्यासह डेटन इंजिनियरिंग लॅबोरेटरीज, अर्थात डेल्को, ही कंपनी स्थापन केली. कॅडिलॅक मोटारींसाठी तयार केलेली प्रज्वलन यंत्रणा हे कंपनीचे पहिले मोठे यश होते. या यंत्रणेच्या विकसित रूपाला आजही केटरिंग प्रज्वलन म्हणतात.

विजेवरचा स्टार्टर

त्या काळी मोटार सुरू करण्यासाठी पुढून हँडल मारावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा फटका देई व हँडल मारणाऱ्याचे मनगट किंवा हात मोडे. बायरन कार्टर या मोटार उत्पादकाचा १९०८ मधील मृत्यू अशाच अपघातानंतर झाला व त्यामुळे कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा सुरू केला, असे सांगितले जाते.

इंजिन फिरवू शकेल एवढी मोटर व बॅटरी गाडीत मावणार नाही, असा तज्ज्ञांचा समज होता. कॅश रजिस्टरच्या अनुभवावरून केटरिंग यांनी वेगळा विचार केला. काही सेकंदच चालणाऱ्या छोट्या मोटरमधून तिच्या नेहमीच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह नेता येतो. ती तापण्याआधीच काम संपलेले असते. इंजिन सुरू झाल्यावर त्याच यंत्राने जनित्र म्हणून बॅटरी भारित करावी व दिव्यांनाही वीज पुरवावी, अशी रचना त्यांनी केली. १९११ च्या प्रारंभी तिचे प्रात्यक्षिक झाले, १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत ती बसवली गेली आणि १९१५ मध्ये तिचे पेटंट मिळाले. फोर्डच्या टी मॉडेलला १९१९ पासून विजेवरचा स्टार्टर मिळू लागला. हँडल मारण्याची गरज संपल्याने मोटार चालवणे अधिक लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आवाक्यात आले.

कार्यतत्त्व व दोषनिदान

थोडा वेळ, पण मोठा प्रवाह हे तत्त्व पुढील स्टार्टरांतही टिकून राहिले. जुन्या गाड्यांतील स्टार्टर मंद फिरण्याचा दोषही याच तत्त्वाशी निगडित आहे. तारेच्या एखाद्या जोडात केवळ ०.०१ ओहम रोध असला, तरी १५० अँपिअर प्रवाहाला तेथे १.५ व्होल्ट खर्ची पडतात. इतक्या अल्प रोधाचा दिव्यांवर परिणाम जाणवत नाही, स्टार्टर मात्र रेंगाळतो.

१९६२ मध्ये आलेली ब्रिटिश एमजीबी ही स्पोर्ट्स कार याचे चांगले उदाहरण आहे. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांमागे असत; त्यामुळे स्टार्टरपर्यंतची केबल लांब व जोड अधिक होते. अशा गाडीत आधी बॅटरी पूर्ण भारित करून स्टार्टर फिरत असताना तिचा दाब मोजतात. तो सुमारे ९.६ व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरीवर संशय घेतला जातो. दाब टिकून असेल, तर केबल, टर्मिनल आणि इंजिन व सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी यांवरील घट प्रवाह चालू असतानाच तपासतात. हे सर्व ठीक आढळल्यावरच झिजलेले ब्रश व बुश यांसाठी स्टार्टर उतरवला जातो. घट्ट झालेले इंजिन, जाड तेल किंवा फार आधी पडणारी ठिणगी यांमुळेही हीच लक्षणे दिसतात.

जनरल मोटर्समधील कार्य

डेल्को १९१६ मध्ये विकली गेली व पुढे जनरल मोटर्सचा भाग बनली. तेथे केटरिंग यांच्या नेतृत्वाखाली जलद वाळणारे रंग व रेल्वे इंजिनांसाठी द्विघाती डिझेल इंजिन विकसित झाले. तांब्याच्या पत्र्यांनी हवेवर थंड होणारे शेव्हरोलेचे इंजिन मात्र १९२३ मध्ये अपयशी ठरले व विकलेल्या गाड्या परत मागवाव्या लागल्या.

शिसेयुक्त पेट्रोल

इंजिनातील ठोक्यावर उपाय शोधताना केटरिंग यांचे सहकारी थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेडचा उपयोग सापडला. त्याच्या विक्रीसाठी १९२४ मध्ये एथिल कॉर्पोरेशन स्थापन झाले व केटरिंग त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. १९२५ मध्ये विक्री थांबवून सरकारी परिषद भरली. तेथे केटरिंग यांनी या द्रव्याची बाजू मांडली. १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. अल्कोहोलच्या पर्यायाचा अभ्यास केटरिंग व मिजली यांनी स्वतःच केला होता, याकडे टीकाकार लक्ष वेधतात. धुरातील शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असल्याचे पुढे सिद्ध झाले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री २००० मध्ये थांबली. मोटारींसाठी त्याचा जगातील वापर २०२१ मध्ये अल्जीरियात संपुष्टात आला.

वारसा

१९४५ मध्ये आल्फ्रेड स्लोन यांच्यासह केटरिंग यांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था स्थापन झाली. ओहायोतील केटरिंग शहर आणि मिशिगनमधील फ्लिंट येथील केटरिंग विद्यापीठ यांनाही त्यांचे नाव आहे. केटरिंग यांचे डेटन येथे निधन झाले.