खाशाबांची मेहनत

मुलांनो, कोल्हापुरात पहाटे चार-साडेचारला गंगावेशीच्या किंवा शाहूपुरीच्या बाजूने गेलात, तर अंधारात एक आवाज कानांवर येतो. फावडे मातीत रुतल्याचा तो आवाज असतो. तालमीतले पैलवान हौदा उकरत असतात. हौदा म्हणजे कुस्तीसाठी तयार केलेली लाल मातीची जागा. गाव अजून झोपलेले असते आणि या मुलांच्या अंगावरून घाम वाहत असतो.

‘तालीम’ हा शब्द तुमच्या घरचाच आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र तालीम म्हणजे पैलवान जेथे व्यायाम करतात, कुस्ती शिकतात आणि पुष्कळदा राहतातही, ती जागा. तुमचा ‘उस्ताद’ येथे ‘वस्ताद’ झाला, ‘पहलवान’ ‘पैलवान’ झाला. ‘खुराक’ मात्र खुराकच राहिला. ‘मेहनत’ या शब्दाला तर तालमीत वेगळाच अर्थ आहे. पैलवान मेहनत करतो म्हणजे रोजचा ठरलेला व्यायाम करतो. या मेहनतीच्या बळावर कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याने ऑलिंपिकचे पदक मिळवले. त्यांचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते, त्यामुळे मातीची ओळख घरातूनच झाली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले.

कोल्हापूर हे कुस्तीचे गाव. राजर्षी शाहू महाराज स्वतः कुस्ती खेळत. त्यांनी पैलवानांना आश्रय दिला, गावात तालमी उभ्या केल्या आणि खासबागेत मोठे मैदान बांधून घेतले. १९१२ सालापासून त्या मैदानात कुस्त्या होत आल्या आहेत. अशा गावात खाशाबा आले खरे, पण त्यांच्याकडे पाहून कोणाला ते पैलवान वाटत नसत. अंगाने किरकोळ, उंचीने बेताचे. कॉलेजच्या क्रीडास्पर्धांत त्यांचे नाव घ्यायलाही आधी नकार मिळाला होता. शेवटी प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या लहानखुऱ्या मुलाने आपल्यापेक्षा भारी गड्यांना पाठीवर पाडले.

हे कसे झाले, ते समजण्यासाठी तालमीतली मेहनत नीट पाहिली पाहिजे.

जोर मारताना पैलवान हातापायांवर ओणवा होतो, छाती जमिनीजवळून पुढे नेतो आणि कंबर खाली सोडून मान वर उचलतो. यात खांदे, छाती आणि दंड बळकट होतात. पाठीचा कणाही वेतासारखा लवचीक राहतो. बैठकांनी मांड्या भरतात. एक जोर आणि एक बैठक जोडून मारली की तिला सपाटी म्हणतात. तयार पैलवान रोज शेकडो जोर आणि हजाराच्या घरात बैठका मारतो. (लहानपणी पैजेखातर मी एकदम दोनशे बैठका मारल्या होत्या. पुढचे दोन दिवस मला घराचा जिना धड उतरता आला नाही.) दोरावर चढताना आणि हौदा उकरताना बोटांची पकड, मनगटे आणि पाठ तयार होते. हौद्याच्या मातीत तेल, ताक, हळद घालतात, म्हणून ती मऊ राहते. पण ती उकरायची म्हणजे शेतातल्या कामापेक्षा कमी कष्ट नाहीत. यानंतर जोडीदाराबरोबर लढत होते. मग मालिश, दूध-तूप-बदामाचा खुराक आणि झोप. संध्याकाळी पुन्हा तेच.

या मेहनतीतून दोन गोष्टी मिळतात. एक ताकद आणि दुसरी दम. समोरच्याला उचलून फेकण्यासाठी ताकद लागते. पण ती ताकद पहिल्या मिनिटाला जशी आहे तशीच दहाव्या मिनिटालाही राहावी, यासाठी दम लागतो. धडधाकट दिसणारे पुष्कळ गडी दमात कमी पडतात. खाशाबांचे अंग लहान होते, पण ते विजेसारखे चपळ होते आणि त्यांचा दम मोठा होता. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान हाताच्या कवेत धरायची आणि अंगाला हिसका देऊन त्याला आपल्यावरून जमिनीवर आणायचे. नुसत्या दंडाच्या जोरावर हा डाव होत नाही. पाय, कंबर आणि खांदा यांना एकाच क्षणी काम करावे लागते.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला मदत केली आणि खाशाबा विलायतेला गेले. तेथे माती नव्हती. मॅट होती, म्हणजे जाड मऊ गादी. मातीत पाय रुतवून उभे राहता येते, गादीवर तसे येत नाही. मातीतल्या कुस्तीत समोरचा चितपट होईपर्यंत झुंज चालते. वेळ लागला तरी चालतो. गादीवर मात्र घड्याळ असते, गुण मोजले जातात आणि वजनाप्रमाणे गट पाडलेले असतात. गुण मोजायचे म्हटले की थांबून डाव शोधायला सवड नसते. हे सगळे खाशाबांना नवे होते. रीस गार्डनर यांनी त्यांना तेथे मार्गदर्शन केले. खाशाबांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांच्या मल्लांना हरवले, परंतु इराणच्या मल्लापुढे ते हरले. फ्लायवेट गटात त्यांचा सहावा क्रमांक आला. 

दुसरा कोणी एवढ्यावर समाधानी राहिला असता. खाशाबांनी परत येऊन चार वर्षे पुन्हा मेहनत केली. या वेळी त्यांनी गटही बदलला. लंडनला ते ५२ किलोच्या गटात होते. आता ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरायचे ठरले. पाच किलो हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण अंगावर नुसती चरबी चढली तर चपळपणा जातो. वाढलेले वजन ताकदीचे हवे आणि ते वाहून नेणारा दमही तेवढाच हवा. तालमीची मेहनत तीच होती, तिला आता घड्याळाच्या वेगाची जोड द्यायची होती.

१९५२ ची स्पर्धा फिनलंडमधील हेलसिंकी शहरात होती. तेथे जायला पैसे नव्हते. गोळेश्वरच्या आणि कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि ७,००० रुपये दिले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. विद्यार्थ्यासाठी आपले घर गहाण ठेवणारे शिक्षक किती असतील? मी स्वतः शिक्षक आहे, म्हणून हा प्रश्न मला अधिकच टोचतो.

हेलसिंकीला खाशाबांच्या गटात अनेक देशांचे मल्ल होते. तेव्हा गादीवरची कुस्ती पंधरा मिनिटांपर्यंत चालत असे. कॅनडाच्या मल्लाशी झालेली त्यांची पहिली कुस्ती जवळजवळ तेवढीच लांबली. शेवटी खाशाबांनी त्याला चीत केले. मग मेक्सिकोचा मल्ल पडला. जर्मनीच्या मल्लावर त्यांनी पंचांच्या निर्णयाने विजय मिळवला. पुढे अखेरच्या टप्प्यात दोन बलाढ्य मल्ल समोर होते. एक जपानचे शोहाची इशी, दुसरे सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव.

येथे एक गोष्ट घडली. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. खाशाबांची एक कुस्ती संपली आणि ते दमलेले असतानाच त्यांना पुढच्या कुस्तीसाठी बोलावणे आले. नियमावर बोट ठेवून त्यांची बाजू मांडायला त्या वेळी कोणी भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबा तसेच गादीवर उतरले.

अर्धा तास म्हणजे काय, हे ज्याने लढत केली आहे त्यालाच कळते. झुंज संपली की छाती भात्यासारखी हलत असते. नाडी खाली यायला वेळ लागतो. बोटे घट्ट आवळून धरल्यामुळे हातांत गोळे आलेले असतात. ते सुटल्याशिवाय पकड बसत नाही. वस्ताद लढतीनंतर पोरांना बसवून ठेवतात, पाणी घोटाघोटाने पाजतात, अंग चोळून देतात, ते उगीच नाही. विश्रांती हा मेहनतीचाच भाग आहे, आणि खाशाबांच्या वाट्याची ती विश्रांती त्या दिवशी त्यांना मिळाली नाही. दोन्ही कुस्त्या ते हरले. इशी यांना सुवर्णपदक मिळाले, मम्मदबेयोव यांना रौप्यपदक आणि खाशाबांना कांस्यपदक. तो दिवस होता २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताला एका खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळवून दिलेले हे पहिले ऑलिंपिक पदक. अर्धा तास मिळाला असता तर पदकाचा रंग बदलला असता का, हा वाद कोल्हापूरच्या कट्ट्यांवर अजूनही रंगतो. मला वाटते, निदान झुंज बरोबरीची झाली असती.

खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाडच्या स्टेशनवर शंभरावर बैलगाड्या त्यांच्या स्वागताला आल्या होत्या. स्टेशनपासून गावापर्यंतचा थोडा रस्ता ओलांडायला मिरवणुकीला कित्येक तास लागले. सत्कार आटोपल्यावर खाशाबांना प्राचार्यांच्या घराची आठवण होती. त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः त्यात लढले आणि मिळालेल्या पैशांतून ते गहाण घर सोडवायला मदत केली.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. त्याच सुमारास गुडघ्याला दुखापत झाली आणि पुढच्या ऑलिंपिकची वाट बंद झाली. बैठकांवर उभ्या राहिलेल्या पैलवानाचा गुडघाच गेला, तर त्याच्या हाती काय उरणार? तरीही खात्यातील स्पर्धांत ते लढले आणि इतरांना शिकवीत राहिले. सत्तावीस वर्षे नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. सरकारचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावाने जाहीर झाला तो ते गेल्यानंतर कित्येक वर्षांनी.

त्यांच्यानंतर भारताच्या दुसऱ्या एकट्या खेळाडूला ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ साल उजाडले. ते टेनिसमध्ये मिळाले. कुस्तीतले दुसरे पदक तर २००८ साली आले.

आता कोल्हापूरच्या कितीतरी तालमींत लाल मातीच्या हौद्याबरोबर मॅटही आली आहे. पहाटे पोरे आधी फावडे घेऊन हौदा उकरतात, जोर-बैठका मारतात. मग पायांची माती धुऊन, बूट चढवून मॅटवर जातात. भिंतीवर मारुतीच्या तसबिरीशेजारी खाशाबांचा फोटो असतो. वस्ताद हातात घड्याळ घेऊन कडेला उभे असतात.