निष्कांचन मुशाफिराची चार खंडांतरे

परदेशप्रवास म्हटला की आज पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. तिकीट, निवास, जेवण यांचा हिशेब जमेपर्यंत पाऊल उंबरठ्याबाहेर पडत नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गोव्यातल्या एका खेड्यातला जेमतेम शिकलेला तरुण हा हिशेब न मांडताच घराबाहेर पडला. नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश पालथा घालून तो पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पोहोचला, तोही एकदा नव्हे, चार वेळा. बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे हे आयुष्य. इतक्या कमी पैशांत एवढे जग पाहणारा दुसरा मराठी पंडित सापडणे कठीण. मात्र या प्रवासाची किंमत कोणी चुकवली, हे पाहिल्याशिवाय त्यांचे चरित्र पुरे होत नाही.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी सासष्टीतील साखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. घरची नारळाची बागायत होती, पण संपन्नता नव्हती. शाळा थोडकी झाली, लग्न लहान वयातच झाले. पत्नीचे नाव बाळाबाई. संसारात मन रमत नव्हते आणि घर सोडण्याचे एक-दोन प्रयत्नही फसले होते. अशा वेळी ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात आलेले बुद्धाचे छोटेसे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि आयुष्याला दिशा मिळाली. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा, त्यासाठी आधी संस्कृत शिकायचे, असा निश्चय त्यांनी केला. १८९९च्या अखेरीस तेवीस वर्षांच्या धर्मानंदांनी पुण्याची वाट धरली. घरी बाळाबाई आणि काही महिन्यांची मुलगी माणिक मागे राहिल्या.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन मिळाले. तेथून ते ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. फी देऊन शिकणे शक्यच नव्हते. पण काशीत जुनी व्यवस्था अजून टिकून होती. शास्त्रीबुवा विद्या विनामूल्य देत आणि पोटासाठी अन्नछत्रे होती. तरी तीही सर्वांसाठी सारखी खुली नव्हती. जातीची चौकशी व्हायची आणि गोव्याच्या सारस्वताकडे संशयाने पाहिले जायचे. अर्धपोटी राहून, उसन्या पोथ्यांवर त्यांनी व्याकरण आणि काव्याचा अभ्यास केला. पुढे ते पायी डोंगर ओलांडून नेपाळात गेले. तेथे जिवंत बौद्ध धर्म भेटेल ही आशा होती. पदरी निराशा आली. बोधगयेत भेटलेल्या एका भिक्षूने त्यांना सांगितले, की पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला जायला हवे.

कलकत्त्याच्या महाबोधी सभेची मदत घेऊन ते १९०२ मध्ये कोलंबोला पोहोचले. विद्योदय विद्यालयाचे प्रमुख सुमंगलाचार्य यांच्या हाताखाली त्यांनी पालीचा अभ्यास सुरू केला आणि श्रामणेराची दीक्षा घेतली. सिंहली लिपी ते शिकले, पण तेथील आहार मानवला नाही आणि प्रकृती ढासळली. मग मद्रासमार्गे ते ब्रह्मदेशात गेले. सगाईंगच्या टेकड्यांतल्या एका गुहेत जर्मन भिक्षू ज्ञानतिलोक यांच्या सहवासात त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला आणि ब्रह्मी लिपीतले ग्रंथ वाचले.

भिक्षूच्या नियमांनी त्यांच्या प्रवासाला एक वेगळीच शिस्त दिली. भिक्षूने पैशाला हात लावायचा नाही, दुपारनंतर जेवायचे नाही, मिळेल त्या भिक्षेवर राहायचे. ब्रह्मदेशात किंवा सिंहलद्वीपात हे कठीण नव्हते, कारण तेथे भिक्षूला दान देणे हा गृहस्थाच्या दिनक्रमाचा भाग आहे. हिंदुस्थानात मात्र पिवळी चीवरे घातलेला भिक्षू म्हणजे नवलाची वस्तू होती. पैसा जवळ नसल्याने आगगाडीचे तिकीट काढता येत नसे. राजगीर, बोधगया, कुशिनारा ही तीर्थे त्यांनी मुख्यतः पायी, भिक्षापात्र घेऊन पाहिली.

१९०६ साली त्यांनी चीवर उतरवले. मिळवलेले ज्ञान आपल्या लोकांना द्यायचे तर लोकांत राहायला हवे, असे त्यांना वाटू लागले होते. कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात आणि पुढे तेथील विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. जवळजवळ सात वर्षांनी ते गोव्याला गेले आणि बाळाबाईंना सोबत घेऊन आले. संसाराची घडी आता कुठे बसत होती. अशा वेळी सयाजीराव गायकवाडांनी एक प्रस्ताव ठेवला. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहावे, ग्रंथ लिहावेत, बडोदे संस्थान दरमहा ५० रुपये देईल. कलकत्त्यात याहून अधिक वेतन मिळत होते. तरीही मराठी माणसांसाठी मराठीत लिहिता येईल म्हणून त्यांनी ५० रुपये पत्करले. बडोद्याला त्यांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० मध्ये ग्रंथरूपाने आली.

याच काळात हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी त्यांची ओळख झाली. ‘विसुद्धिमग्ग’ या बुद्धघोषाच्या महाग्रंथाच्या संपादनाचे काम हार्वर्डला अडले होते. हेन्री क्लार्क वॉरन यांनी ते हाती घेतले होते. पण १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले. सिंहली आणि ब्रह्मी या दोन्ही लिपींतून मूळ ग्रंथ वाचलेला आणि भिक्षूंच्या परंपरेत शिकलेला माणूस त्यांना हवा होता. १९१० मध्ये कोसंबी इंग्लंडमार्गे मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजला दाखल झाले. विद्यापीठाची एकही पदवी नसलेला हा माणूस अमेरिकेतल्या अग्रगण्य विद्यापीठात पाठसंशोधन करू लागला. समाजवादाची पुस्तके त्यांनी तेथेच वाचली आणि कामगारांच्या प्रश्नाची ओढ त्यांना आयुष्यभर राहिली.

परंतु ग्रंथावर श्रेय कोणाचे, यावरून हार्वर्ड प्राच्यविद्या मालेचे संपादक चार्ल्स लॅनमन यांच्याशी त्यांचे बिनसले. कोसंबींचे काम साहाय्यकाचे मानले जात होते. ते त्यांना मान्य झाले नाही आणि १९१२च्या आरंभी काम अर्धवट टाकून ते निघाले. हातात दुसरी नोकरी नव्हती. गरजा कमी ठेवण्याच्या सवयीचा अर्थ अशा प्रसंगी उलगडतो. ज्याला थोडक्यात भागवता येते, त्याला नको त्या अटीवर थांबावे लागत नाही.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १९१८ पर्यंत त्यांनी पाली शिकवली आणि अभ्यासकांची एक पिढी तयार केली. १९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले, या वेळी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना घेऊन. माणिक रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकली. दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला. पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून त्यांनी वडिलांहून मोठी कीर्ती मिळवली. बाळाबाई मात्र धाकट्या दोन मुली, मनोरमा आणि कमला, यांच्यासह हिंदुस्थानातच राहिल्या. पतीच्या प्रत्येक प्रस्थानाचा भार त्यांनीच उचलला. कोसंबींच्या स्वस्त प्रवासाच्या हिशेबात ही रक्कम कोठेही मांडलेली दिसत नाही.

पुढे १९२२ मध्ये गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात अध्यापन, हार्वर्डच्या आणखी दोन वाऱ्या, मध्येच १९२९ मध्ये रशियातील लेनिनग्राड, असा क्रम चालू राहिला. रशियातून परतताच ते १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. १९३७ मध्ये मुंबईच्या परळ भागात त्यांनी कामगारवस्तीसाठी बहुजन विहार उभारला. ज्या ग्रंथासाठी हार्वर्डच्या वाऱ्या झाल्या, त्या ‘विसुद्धिमग्गा’ची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने काढली. हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये निघाली. तिच्यावर संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधक म्हणून कोसंबींचे नाव आहे. ते पाहायला कोसंबी उरले नव्हते.

शरीर थकल्यावर त्यांनी उपवासाने देह ठेवण्याचे ठरवले. पहिल्या वेळी गांधीजींच्या आग्रहाने त्यांनी उपवास सोडला. नंतर सेवाग्राम आश्रमात त्यांनी अन्न वर्ज्य केले आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार कमीत कमी खर्चात व्हावा, ही त्यांची इच्छा होती. दुसरी इच्छा होती, की पाली शिकण्यासाठी हिंदुस्थानातून विद्यार्थी सिंहलद्वीपाला पाठवले जावेत. ज्या वाटेने ते स्वतः उपाशीपोटी गेले, तिच्यावर पुढच्या विद्यार्थ्याच्या अन्नाची आणि भाड्याची सोय व्हावी, असे त्यांना वाटत होते. स्वतःसाठी त्यांनी दारिद्र्य पत्करले. पण विद्येची ती अट असावी, असे त्यांनी कधी मानले नाही.