सरकारी सेवेतील लोकनेता : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे



एकोणिसाव्या शतकातील मराठी वैचारिक गद्याचा अभ्यास करताना न्यायमूर्ती रानडे यांचे नाव तुमच्या वाचनात वारंवार आले असेल. समाजसुधारक, अर्थचिंतक, इतिहासलेखक अशी त्यांची ओळख सर्वत्र दिली जाते. मात्र ज्या गोष्टीत त्यांच्या आयुष्याची तीस वर्षे गेली, ती सरकारी नोकरी या ओळखीत मागे पडते. या घटकात आपण त्यांच्या चरित्राकडे मुद्दाम त्या बाजूने पाहणार आहोत. तुमच्यापैकी पुष्कळ जण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथून रोज कचेरी गाठून उरलेल्या वेळात हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. ज्याचा पगार खावा त्याच्या धोरणाविषयी किती बोलावे, हा प्रश्न तुम्हाला परका वाटणार नाही. रानडे यांच्यापुढे तो जन्मभर उभा होता.

18 जानेवारी 1842 रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे त्यांचा जन्म झाला. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेल्यामुळे बालपण कोल्हापुरात गेले. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत आले. मुंबई विद्यापीठाच्या 1859 मधील पहिल्याच प्रवेश परीक्षेत ते उत्तीर्ण झाले आणि 1862 मध्ये पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत त्यांचे नाव झळकले. पुढे एम. ए. आणि 1866 मध्ये एलएल. बी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. विद्यार्थिदशेतील एक प्रसंग येथे सांगायला हवा. एका निबंधात त्यांनी इंग्रजी अमलाची मराठी राज्याशी तुलना केली आणि मराठी राज्याला झुकते माप दिले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा आपल्या या बुद्धिमान शिष्यावर लोभ होता, तरीही त्यांनी त्याची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. सरकारच्या पैशावर शिकणाऱ्याने सरकारविषयी काय म्हणावे, याचा पहिला धडा रानडे यांना वर्गातच मिळाला.

पदवीनंतरची काही वर्षे फिरतीची आहेत. सरकारी भाषांतरकाराचे काम, अक्कलकोटचा कारभार, कोल्हापूरचे न्यायाधीशपद आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन हे टप्पे त्यांनी भराभर ओलांडले. त्यांवर फार रेंगाळण्याचे कारण नाही. 1871 मध्ये ते अॅडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाले, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मुंबईच्या उच्च न्यायालयात स्वतंत्र वकिली करण्याचा, म्हणजेच पैसा आणि मतस्वातंत्र्य या दोहोंचा मार्ग त्यांना मोकळा झाला होता. त्यांनी तो घेतला नाही. त्याच वर्षी ते पुण्यास प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून रुजू झाले.

पुण्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी 1870 मध्ये सार्वजनिक सभा स्थापन केली होती. रानडे लवकरच तिचा मेंदू झाले. दिवसा न्यायासनावर बसून निवाडे द्यावेत आणि सायंकाळी सभेचे अर्ज, अहवाल व आकडेवारी तयार करावी, असा त्यांचा क्रम पडला. दुष्काळाच्या काळात सभेने जमविलेली माहिती सरकारी अधिकाऱ्यांनाही दुर्लक्षिता येत नव्हती. सभेच्या त्रैमासिकातील कितीतरी लेख त्यांच्या लेखणीतून उतरले. पण त्यांवर त्यांचे नाव नसे. हे अनामिकत्व भित्रेपणाचे होते काय, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. प्रस्तुत लेखकाच्या मते तो पदाच्या मर्यादेत राहून अधिकाधिक काम करण्याचा हिशेबी उपाय होता. अर्थात हे नाव सरकारपासून लपून राहिले असे नाही.

त्याचा परिणाम 1878 मध्ये दिसला. पुण्याहून त्यांची बदली नाशिकला आणि पुढील वर्षी धुळ्याला झाली. 1879 हे वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे वर्ष. पुण्यात त्या वर्षी बुधवारवाडा आगीत भस्मसात झाला आणि शिक्षित ब्राह्मण मंडळींविषयी सरकारचा संशय शिगेला पोहोचला. धुळ्यात रानडे यांचे टपाल फोडून पाहिले जाई. बंडवाल्यांच्या नावाने लिहिलेली संशयास्पद पत्रेही त्यांना येऊ लागली. रानडे ती पत्रे सरळ पोलिसांकडे पाठवीत. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या 1910 च्या पुस्तकात या दिवसांविषयी लिहिले आहे. मराठी आत्मचरित्राचा अभ्यास करताना तुम्ही ते पुस्तक वाचालच. तेव्हा घरात वावरणारी ती शांत धास्ती जरूर न्याहाळा. संशय पुढे निवळला आणि 1881 मध्ये त्यांना मुंबईत प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटचे काम मिळाले.

रानडे यांच्या न्यायविषयक कार्याचा गाभा मात्र शहरी कोर्टांत सापडत नाही. तो दख्खनच्या खेड्यांत आहे. 1875 मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा राग माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर अधिक होता. रोखे हिसकावून जाळणे हा त्यांचा मुख्य उद्देश होता. त्यामागचे कारण कायद्यात दडलेले होते. नव्या दिवाणी न्यायालयांत सही किंवा अंगठा असलेला कागद हाच पुरावा ठरे. रोख्याच्या मागे मूळ मुद्दल किती, व्याजावर व्याज किती वेळा चढले, हे विचारण्याचे न्यायाधीशावर बंधन नव्हते. शेतकरी हजर नसताना एकतर्फी हुकूमनामा होई आणि जमीन जाई. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने ही रीत बदलली. न्यायाधीशाने व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, हप्ते बांधून द्यावेत, दाव्याआधी समेटाचा प्रयत्न व्हावा, अशी तरतूद त्यात आली. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांतील कोर्टांवर देखरेखीसाठी खास न्यायाधीश नेमण्यात आला. डॉ. पोलेन यांच्या हाताखाली आणि 1887 पासून स्वतः खास न्यायाधीश म्हणून रानडे यांनी हे काम केले. गावोगावी मुक्काम करावा, दुय्यम कोर्टांचे निवाडे तपासावेत, चुकलेले दुरुस्त करावेत, असा हा वर्षानुवर्षांचा फिरता संसार होता. कायद्याने सावकारी संपली नाही. काही ठिकाणी सावकारांनी कर्जाच्या रोख्याऐवजी विक्रीखत लिहून घेण्याची पळवाटही शोधली. तरी कागदामागचा माणूस पाहणे हे न्यायाधीशाचे काम आहे, ही गोष्ट येथे प्रथम कायद्याच्या भाषेत आली. 1892 मध्ये डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात रानडे यांनी इंग्लंडचे अर्थशास्त्रीय सिद्धान्त सर्व देशांना सारखेच लागू पडत नाहीत, असे प्रतिपादन केले. या मांडणीवर जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिस्ट यांचा प्रभाव दाखविला जातो, आणि तो आहेही. पण तिची मुळे मुक्कामातल्या या कागदपत्रांतही शोधायला हवीत.

1886 मध्ये सरकारी खर्चाची छाननी करणाऱ्या अर्थसमितीवर त्यांची नेमणूक झाली. त्या निमित्ताने सिमला, कलकत्ता येथे राहावे लागले. कलकत्त्यात ते बंगाली शिकले आणि शब्दांचे अर्थ व उच्चार दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला विचारीत, अशी हकिकत रमाबाईंनी दिली आहे. 1885 मध्ये मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले तेव्हाही ते उपस्थित होते; मात्र नोकरीमुळे प्रतिनिधी होऊ शकले नाहीत.

त्यांच्या तडजोडींची चर्चा टाळून चालणार नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानडे यांनी 1873 मध्ये पहिल्या पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. 1890 मधील पंचहौद मिशनच्या चहापानानंतर त्यांनी प्रायश्चित्तही घेतले. पहिल्या प्रसंगाचे समर्थन करणे अवघड आहे. ज्या रमाबाईंना त्यांनी शिकविले त्या पुढे सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या, हे खरे. परंतु त्यामुळे मूळ निर्णय योग्य ठरत नाही. चरित्र वाचताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची सवय तुम्ही लावून घ्यावी.

1 सप्टेंबर 1893 रोजी न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी रानडे यांची उच्च न्यायालयावर नेमणूक झाली. पुण्याने त्यांना थाटाने निरोप दिला. मुंबईस येताना त्यांची आगगाडी ज्या मुलुंड-घाटकोपरवरून गेली, ती तेव्हा ठाणे जिल्ह्यातील खेडी होती. दत्तक, वारसा, इनाम, वतन अशा वादांत धर्मशास्त्र आणि देशरिवाज या दोहोंची जाण असलेला न्यायाधीश म्हणून त्यांचा लौकिक झाला. 1897 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना अटक झाली. त्यांच्या जामिनाचा अर्ज प्रथम न्यायमूर्ती पार्सन्स आणि रानडे यांच्यापुढे आला. पुन्हा अर्ज करण्याची मुभा ठेवून तो नाकारण्यात आला. पुढे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन दिला. सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेल्यावर 1896 मध्ये रानडे यांनी डेक्कन सभा काढली होती, हा संदर्भ ध्यानात घेतला म्हणजे न्यायासनावरील त्या क्षणाचा अवघडपणा कळतो.

मराठीचे विद्यार्थी म्हणून तुमचे त्यांच्याशी आणखी एक नाते आहे. 1878 मध्ये, पुणे सोडण्याच्या सुमारास, त्यांनी लोकहितवादींच्या सहकार्याने पुण्यात मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरविले. मुंबई विद्यापीठाने आरंभीच्या काळातच प्रवेश परीक्षेच्या पुढील परीक्षांतून देशी भाषांना वगळले होते. कारण संस्कृतादी अभिजात भाषांपुढे त्या अपुऱ्या मानल्या गेल्या. रानडे यांनी सिनेटमध्ये हा विषय चिकाटीने लावून धरला. मराठीत अभ्यासयोग्य ग्रंथ नाहीत या आक्षेपाला उत्तर म्हणून त्यांनी प्रसिद्ध ग्रंथांची मोजदाद करून मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा लिहिला. डिसेंबर 1900 मध्ये प्रकृती ढासळल्याने त्यांना लाहोरच्या अधिवेशनास जाता आले नाही. 16 जानेवारी 1901 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच 1901 साली विद्यापीठाने एम. ए. च्या परीक्षेत मराठीला जागा दिली.